पायांवरील फुगलेल्या शिरा आणि त्यांवरील उपचार

सायंकाळी पाय जड होणे, पोटऱ्या भरून येणे, रात्री अंथरुणात पायांना गोळे येणे या तक्रारी आपल्याकडे इतक्या सर्वसाधारण आहेत की, त्यांची गणना कोणी आजारात करीत नाही. पोटरीवर अथवा मांडीच्या आतील बाजूस निळसर, दोरासारख्या वेड्यावाकड्या शिरा उठून दिसू लागल्या तरी ‘उभ्याचे काम आहे, शिरा फुगायच्याच’ अशी मनाची समजूत घालून माणूस आपल्या कामास लागतो. एस. टी. चा वाहक, चौकातील वाहतूक पोलीस, इचलकरंजी वा मालेगाव येथील यंत्रमाग कामगार, खानावळीतील आचारी, फळ्यापुढे दिवसभर उभा राहणारा शिक्षक यांच्यात हा विकार विशेष आढळतो. वैद्यकशास्त्रात त्यास ‘अपस्फीत नीला’ अशी संज्ञा आहे. व्यवहारात मात्र ‘व्हेरिकोज व्हेन्स’ हाच शब्द रुळलेला आहे.

पुष्कळ जणांना या शिरांपासून आयुष्यभर फारसा उपद्रव होत नाही, हे खरे. तथापि काहींच्या बाबतीत घोट्याच्या वर जखम होते, ती महिनोन्‌महिने चिघळत राहते, मजुरी बुडते आणि घरच्या माणसांनाही त्या वासाचा कंटाळा येऊ लागतो. अशी जखम बव्हंशी टाळता येण्यासारखी असते आणि झालेली असल्यास बहुधा भरूनही येते. मात्र तिचे मूळ जखमेत नसून शिरेत आहे, हे प्रथम ओळखावे लागते.

रक्त वर कसे चढते

हृदयाने रोहिण्यांवाटे पायापर्यंत ढकललेले रक्त परत हृदयाकडे जाते ते नीलांवाटे. हा प्रवास गुरुत्वाकर्षणाच्या विरुद्ध असतो. निसर्गाने त्यासाठी दोन योजना केल्या आहेत. पहिली, पोटरीचे स्नायू. पाऊल टाकताना हे स्नायू आकुंचन पावतात आणि त्यांच्यामधील खोल नीला दाबल्या जाऊन रक्त वर ढकलले जाते. दुसरी योजना म्हणजे नीलांच्या आतील नाजूक झडपा. रक्त वर जाताना त्या उघडतात व मागे येऊ लागताच मिटतात. या झडपांचे सविस्तर वर्णन इटलीतील पादुआ विद्यापीठाचे शरीररचनाशास्त्रज्ञ फॅब्रिशियस यांनी १६०३ मध्ये प्रसिद्ध केले. त्यांचेच शिष्य विल्यम हार्वे यांनी १६२८ मध्ये रक्ताभिसरणाचा सिद्धांत मांडताना या झडपांचा आधार घेतला. विहिरीच्या पंपाला तळाशी असलेला फुटव्हॉल्व्ह जे काम करतो, तेच काम या झडपा करतात, असे म्हटल्यास आपल्या शेतकरी बांधवांना ते चटकन पटेल.

माणूस निश्चल उभा असताना घोट्याजवळील नीलांतील दाब सुमारे ८० ते १०० मिलिमीटर पारा इतका असतो. चालू लागताच निरोगी पायात तो उतरून साधारणपणे २० ते ३० वर येतो. वरवरच्या नीलांतील झडपा निकामी झाल्या म्हणजे चालतानाही हा दाब पुरेसा उतरत नाही. रक्त वर जाते आणि पुन्हा खाली गळते. शिरा ताणल्या जातात, लांबतात, वळणे घेतात. पुढे घोट्याभोवती सूज येते, कातडीवर तांबूस-काळपट डाग पडतात, खाज सुटते, कातडी लाकडासारखी घट्ट होते आणि अखेरीस एखाद्या क्षुल्लक ओरखड्याची जखम भरेनाशी होते. हा क्रम अनेक वर्षांचा असतो. म्हणूनच डाग व खाज या पायरीवर रुग्णास गाठणे फार मोलाचे आहे. दुर्दैवाने याच पायरीवर तो ‘खरजेचे मलम’ लावीत बसतो.

आनुवंशिकता, वाढते वय, गरोदरपण, लठ्ठपणा, दीर्घकाळ उभे राहण्याचे काम आणि पूर्वी खोल नीलेत होऊन गेलेली रक्ताची गुठळी ही या विकाराची प्रमुख कारणे होत. गरोदरपणी शिरा फुगल्या तरी बाळंतपणानंतर काही महिन्यांत त्या पुष्कळ अंशी ओसरतात. त्यामुळे त्या काळात शस्त्रक्रियेची घाई करू नये. ‘रक्त अशुद्ध झाल्यामुळे’ शिरा निळ्या पडतात, ही समजूत निराधार आहे.

कोळ्याच्या जाळ्यासारख्या दिसणाऱ्या, एक मिलिमीटरहून बारीक, लाल-जांभळ्या शिरा हा या विकाराचा सौम्य प्रकार होय. त्यांचा प्रश्न बहुतेक वेळा दिसण्याचाच असतो. नको असल्यास अतिसूक्ष्म सुईने त्यांत औषध टोचून अथवा त्वचेवरून लेसरचा किरण टाकून त्या फिक्या करता येतात. यास अनेक बैठका लागतात आणि कालांतराने नव्या शिरा उमटूही शकतात. शहरांतील सौंदर्योपचार केंद्रांच्या जाहिराती प्रामुख्याने याच शिरांविषयी असतात. अशा उपचारासाठी कर्ज काढण्याचे काहीच कारण नाही. मात्र या बारीक शिरांबरोबर पाय सुजत असेल अथवा घोट्याजवळ डाग असतील, तर मूळ दोष आत आहे काय, हे तपासून घ्यावे.

प्रत्येक सुजलेला पाय सारखा नसतो

गावपातळीवर काम करणाऱ्यांनी काही भेद लक्षात ठेवणे उपयुक्त ठरेल. पूर्व विदर्भात हत्तीरोग आढळतो. त्यातील सूज पायाच्या पावलावरही असते व जुनी झाल्यावर बोटाने दाबली तरी खळगा पडत नाही. कुष्ठरोगातील व मधुमेहातील जखम बहुधा तळव्याला, जेथे भार पडतो तेथे होते आणि बधिरतेमुळे ती दुखत नाही. शिरांच्या विकारातील जखम मात्र घोट्याच्या किंचित वर, बहुधा आतील बाजूस होते, उथळ व पसरट असते आणि तिच्या भोवतालची कातडी काळवंडलेली असते. रोहिणी अरुंद झाल्यामुळे होणारी जखम पायाच्या बोटांवर होते, फार ठणकते, पाऊल गार लागते. तंबाखू ओढणाऱ्यांत ती विशेष दिसते.

हा शेवटचा भेद जिवापेक्षा पायाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे. शिरांच्या जखमेवर घट्ट पट्टी हा उत्तम उपाय. पण रोहिणी अरुंद असलेल्या पायावर तीच पट्टी बांधली तर उरलासुरला रक्तपुरवठा तुटून पाय गमावण्याची वेळ येते. म्हणून पट्टी बांधण्यापूर्वी घोट्याचा व दंडाचा रक्तदाब मोजून त्यांचे गुणोत्तर काढतात. ते ०.८ पेक्षा कमी आल्यास तज्ज्ञाच्या सल्ल्याखेरीज घट्ट पट्टी बांधू नये.

निदानाचा आज सर्वमान्य मार्ग म्हणजे डॉपलर सोनोग्राफी. तीत सुई नाही, किरणोत्सर्ग नाही. रुग्णास उभे करून कोणती झडप गळते आणि खोल नीला मोकळ्या आहेत की नाहीत, हे पडद्यावर पाहता येते. खोल नीला बंद असतील तर फुगलेल्या वरवरच्या शिरा हाच रक्ताचा पर्यायी मार्ग असू शकतो. अशा वेळी त्या काढणे म्हणजे वळणरस्ताही बंद करणे होय. डॉपलरशिवाय शिरेवर कोणतीही प्रक्रिया करण्यास संमती देऊ नये.

चाकूपासून किरणापर्यंत

हा विकार माणसाइतकाच जुना आहे. सुश्रुतसंहितेत ‘सिराज ग्रंथी’चे वर्णन आढळते. रोमचा सेनानी मारियस याने एका पायावरील अशा शिरा न बांधून घेता, हूं की चूं न करता कापून घेतल्या. मात्र शल्यवैद्य दुसऱ्या पायाकडे वळताच त्याने नकार दिला, अशी हकीकत प्लुटार्कने नोंदविली आहे. भूल नसलेल्या काळात उपचार दुखण्याहून भारी होता.

आधुनिक शस्त्रक्रियेचा पाया जर्मन शल्यचिकित्सक ट्रेंडेलेनबर्ग यांनी १८९० च्या सुमारास घातला. मांडीच्या आतून जाणारी लांब नीला जेथे खोल नीलेस मिळते, तेथून खाली रक्त गळते हे ओळखून त्यांनी ती बांधण्यास सुरुवात केली. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात शिरेत तार घालून ती ओढून काढण्याची पद्धत अमेरिकेत निघाली आणि पुढे जवळजवळ शंभर वर्षे तीच मुख्य उपचार राहिली. कमरेत भूल देऊन जांघेत व खाली छोटा छेद घेतात, शीर बांधून ओढून काढतात आणि उरलेल्या गाठी बारीक छेदांतून काढतात. ही शस्त्रक्रिया आजही टाकाऊ झालेली नाही. जेथे लेसरचे यंत्र नाही पण चांगला शल्यचिकित्सक व भूलतज्ज्ञ आहे, अशा ठिकाणी ती विश्वासाने करून घेता येते. काही दिवस पाय काळानिळा दिसतो, दुखतो आणि क्वचित घोट्याजवळ बधिरपणा राहतो.

‘शीर काढली तर रक्त जाणार कोठून?’ हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक रुग्ण विचारतो आणि तो योग्यच आहे. पायातील सुमारे ९० टक्के रक्त खोल नीलांवाटे परत जाते. बिघडलेली वरची नीला त्या कामात मदत करीत नसते, उलट गळतीमुळे भार वाढवीत असते. मात्र निरोगी नीला उगीच काढू नये. हृदयाच्या बायपास शस्त्रक्रियेसाठी १९६७ मध्ये फावालोरो यांनी जी नीला वापरण्यास प्रारंभ केला, ती हीच मांडीतील लांब नीला होय.

गेल्या पंचवीस वर्षांत शीर ओढून काढण्याऐवजी ती जागच्या जागी बंद करण्याकडे कल झुकला आहे. सोनोग्राफीच्या साहाय्याने गुडघ्याजवळून शिरेत बारीक तंतू घालतात, शिरेभोवती जागा बधिर करणारे पातळ द्रावण टोचतात आणि लेसर किंवा रेडिओलहरींच्या उष्णतेने आतील अस्तर भाजून शीर मिटवितात. रुग्ण त्याच दिवशी चालत घरी जाऊ शकतो. वयस्कर अथवा हृदयविकार असलेल्या माणसाला पूर्ण भूल टळते, हा यातील फार मोठा लाभ आहे. शीर विशेष प्रकारच्या गोंदाने चिकटवून बंद करण्याची पद्धत याहून नवी. अमेरिकेत तिला २०१५ मध्ये मान्यता मिळाली. ती महाग आहे आणि केवळ नवी म्हणून ती निवडावी असे वाटत नाही.

तिसरा मार्ग औषध टोचण्याचा. सोडियम टेट्राडेसिल सल्फेट अथवा पोलिडोकॅनॉल हे औषध शिरेच्या अस्तराला इजा करून तिला मिटविते. पातळ औषध मोठ्या शिरेतील रक्तात विरून जाई. इटलीतील तेस्सारी यांनी २००० च्या सुमारास दोन पिचकाऱ्या व मध्ये तीन तोंडांची तोटी एवढ्याच साहित्यावर औषध आणि हवा घुसळून त्याचा फेस करण्याची युक्ती प्रचारात आणली. फेस रक्ताला बाजूस सारून अस्तराला भिडतो. यंत्रसामग्री फार लागत नसल्याने आपल्यासारख्या प्रदेशात ही पद्धत उपयोगी आहे. तिची बंद झालेली शीर पुन्हा उघडण्याचा संभव मात्र उष्णतेच्या पद्धतीपेक्षा अधिक. कातडीवर तपकिरी रेषा राहू शकतात. क्वचित काही काळ दृष्टी अंधूक होते, क्वचित खोल नीलेत गुठळी होते. म्हणून हे काम प्रशिक्षित हातांनीच करावयाचे आहे.

ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने जुलै २०१३ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनात प्रथम उष्णतेची पद्धत, ती न जमल्यास फेस, तीही न जमल्यास शस्त्रक्रिया असा क्रम सांगितला आहे. आपल्याकडे हा क्रम डोळे झाकून लावता येणार नाही. रुग्णालय किती लांब आहे, कोणते साधन तेथे आहे आणि मजूर किती दिवस घरी बसू शकतो, यांवरही निवड अवलंबून असते. कोणत्याही पद्धतीनंतर काही वर्षांनी नव्या शिरा फुगण्याची शक्यता राहते. ‘कायमचा इलाज’ असे जो छातीठोकपणे सांगतो, त्याच्यापासून जपून राहिलेले बरे.

पट्टी, मोजा आणि जखम

घट्ट मोजे शिरा नाहीशा करीत नाहीत; ते आहे त्या शिरांतील दाब आवरतात. सकाळी अंथरुणातून उठण्यापूर्वी, सूज नसताना ते चढवावेत व रात्री काढावेत. काही महिन्यांनी त्यांचा ताण सैल पडतो, तेव्हा नवे घ्यावे लागतात. चंद्रपूरच्या मे महिन्यात दिवसभर असा मोजा घालणे किंवा कोकणात भातलावणीच्या चिखलात तो सांभाळणे कोणास शक्य आहे? ज्याला तो वापरताच येणार नाही, त्याला मोज्याची चिठ्ठी देऊन परत पाठविणे म्हणजे उपचार नाकारण्यासारखेच आहे. अशांना शीर बंद करण्याच्या उपचारासाठी लवकर पुढे पाठवावे. दुकानात मिळणाऱ्या काही गोळ्यांनी जडपणा थोडा कमी होतो. फुगलेली शीर त्यांनी पूर्ववत होत नाही.

जखम झाल्यावर मात्र दाबपट्टीस पर्याय नाही. पट्टी पावलाच्या चवड्यापासून सुरू करून गुडघ्याखालपर्यंत, घोट्याशी अधिक घट्ट व वर किंचित सैल अशी बांधावी लागते. केवळ जखमेपुरती बांधलेली पट्टी निरुपयोगी असते. जर्मन त्वचारोगतज्ज्ञ उना यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जस्तभस्माच्या लेपात भिजविलेली पट्टी प्रचारात आणली. ती एकदा बांधली म्हणजे साधारण आठवडाभर तशीच ठेवता येते. रोज दवाखान्यात येऊ न शकणाऱ्या ग्रामीण रुग्णास आजही ती सोयीची आहे. जखम स्वच्छ पाण्याने धुवावी. हळद, राख, तंबाखू, झाडपाल्याचा लगदा यांपैकी काहीही तीत भरू नये. जंतुसंसर्गाची लक्षणे नसतील तर प्रतिजैविकांच्या गोळ्यांनी ती लवकर भरत नाही. रात्री खाटेच्या पायगतीकडील खुरांखाली दोन-दोन विटा ठेवल्या तर सूज उतरण्यास चांगली मदत होते, आणि त्यास खर्च नाही.

पूर्वी अशी शिकवण होती की, आधी जखम भरू द्यावी आणि मग शिरेकडे पाहावे. ब्रिटनमध्ये ४५० रुग्णांवर झालेल्या व २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘एव्हरा’ या चाचणीने हा क्रम बदलला. दोन्ही गटांना दाबपट्टी होती. ज्यांची शीर दोन आठवड्यांच्या आत बंद केली, त्यांची जखम भरण्याचा मध्यमान काळ ५६ दिवस भरला. ज्यांना थांबविले, त्यांचा ८२ दिवस. रोजंदारीवर जगणाऱ्या कुटुंबासाठी या २६ दिवसांचा अर्थ वेगळा सांगावयास नको. जखमेच्या रुग्णास ‘भरल्यावर या’ असे न सांगता तत्काळ डॉपलरकडे पाठवावे.

शीर फुटली तर

घोट्याजवळील पातळ कातडीखालची शीर आंघोळ करताना अथवा साध्या खरचटण्याने फुटते आणि रक्ताची धार लागते. घाबरून माणूस उभाच राहतो किंवा खुर्चीवर बसतो. दाब तसाच राहिल्याने रक्त थांबत नाही. अशा रक्तस्रावाने एकट्यादुकट्या वृद्धांचे प्राण गेलेले आहेत. वास्तविक उपाय कोणासही करता येईल असा आहे. रुग्णास ताबडतोब जमिनीवर आडवे करावे, पाय छातीहून उंच धरावा, आणि स्वच्छ कापडाची घडी फुटलेल्या जागेवर दहा मिनिटे न उचलता दाबून ठेवावी. मांडीला दोरी आवळून बांधू नये. त्यामुळे शिरेतील रक्त अडून स्राव वाढतो. रक्त थांबल्यावर घट्ट पट्टी बांधून दवाखान्यात न्यावे. शाळेतील प्रथमोपचाराच्या तासाला हे अवश्य करून दाखवावे, कारण घरी आजी-आजोबांजवळ दुपारी मुलेच असतात.

शिरेवर लाल, गरम, दुखरी दोरी जाणवल्यास डॉक्टरांना दाखवावे. एकच पाय अचानक सुजला, पोटरी दुखू लागली अथवा त्यासोबत धाप लागली, तर खोल नीलेतील गुठळीची शंका घेऊन त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात न्यावे. अशा पायाला तेलाने चोळणे घातक ठरू शकते.

कामाच्या जागी काय करता येईल

१९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या कलम ४४ ने, उभे राहून काम करणाऱ्यांना संधी मिळेल तेव्हा बसता यावे म्हणून आसनांची सोय करणे कारखानदारांवर बंधनकारक केले होते. दुकानांतील कामगारांसाठी केरळने २०१८ मध्ये व तामिळनाडूने २०२१ मध्ये बसण्याचा हक्क कायद्याने दिला. शिक्षकाने खुर्चीवर बसून शिकविणे म्हणजे आळस, ही समजूत अजून काही ठिकाणी टिकून आहे. ती सोडून द्यावी. जेथे उभे राहणे अटळ आहे, तेथे दर काही मिनिटांनी टाचा उचलून चवड्यांवर उभे राहावे, चार पावले चालावे. पोटरीचा पंप त्यानेच चालतो.

रुग्णास पाठविताना प्राथमिक आरोग्य केंद्रातून चिठ्ठी घ्यावी आणि डॉपलरची सोय कोणत्या दिवशी असते, याची जिल्हा रुग्णालयात आधी चौकशी करावी. एक हेलपाटा वाचतो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतील रुग्णालयांत आरोग्यमित्र नेमलेले असतात. योजनेतील उपचारांची यादी वेळोवेळी बदलत असल्याने, डॉक्टरांनी सुचविलेली प्रक्रिया त्या वेळी तीत समाविष्ट आहे काय, हे त्यांच्याकडून पैसे भरण्यापूर्वी विचारून घ्यावे. शिधापत्रिका, ओळखपत्र आणि डॉपलरचा अहवाल सोबत ठेवावा.